दोन साडू आणि एक हार्ड डिस्क

मोरिसपेट, तेनाली
१४ जुलै २००८

चि. दक्षिणामूर्तीस आशीर्वाद. पचले तर घे.

काल तुझ्या कामेश्वरीचा फोन आला होता. बहिणीबहिणींचं लोणचं, गुडघे, विहिणीचा तोरा असं सगळं बोलून झाल्यावर शेवटी निरोप निघाला, की 'आमच्याकडचे' म्हणतात, अक्काच्या घरचा कम्प्युटर आता संग्रहालयात नेऊन ठेवा. हैमवतीने फोन ठेवला आणि निरोप मला जसाच्या तसा सांगितला. सांगताना ती हसत होती असं मला वाटलं, पण तिची दाढ दुखते आहे म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

तुझ्याशी फोनवर बोलायचं मी सोडलं आहे. मेहुण्याच्या लग्नात मांडवातले दिवे गेले तेव्हा तू चारचौघांत म्हणालास, "आमचे थोरले बंधू, अन्नय्यगारू, टेलिफोन खात्यातले. त्यांना वाजणाऱ्या तारा कळतात, पेटणाऱ्या नाही." लोक हसले. तेव्हापासून मी ठरवलं, तुझ्याशी जे काय ते लेखी. बोललेल्यावर तू पलटतोस.

तर ऐक. हा कम्प्युटर मी स्वतः जुळवलेला आहे. उभा जन्म माझा एक्स्चेंजमध्ये तारा जोडण्यात गेला. विजयवाड्याहून एकेक भाग पारखून आणला आणि या दिवाणखान्यात, या टेबलावर बसवला. आत दोन हार्ड डिस्क आहेत आणि दोन्ही एकाच पट्ट्यावर. चार बोटं रुंद, करडा, सपाट पट्टा. एक डिस्क मालक, दुसरी नोकर. कोण कोण ते डिस्कच्या पाठीवर मुगाएवढी टोपी असते तिच्यावरून ठरतं. ती टोपी बसवायला नजर लागते आणि हात स्थिर लागतो. तुझ्याकडे दोन्ही नाही.

आता तू घेतलेला नवा प्रकार. 'साटा' म्हणे! कामेश्वरी सांगत होती की तुझ्या डब्यात बोटभर रुंदीच्या लाल तारा आहेत आणि पाहुणे आले की तू झाकण काढून त्या दाखवतोस. मी त्याची सगळी माहिती वाचली आहे. माझ्या पट्ट्यात चाळीस वाटा, तुझ्या तारेत सात. चाळीस माणसांचं काम सातजण जास्त वेगाने करतात असं सांगणारा एकतर ठेकेदार असतो नाहीतर चोर. खात्यात मी दोन्ही पाहिले आहेत.

शिवाय हैमवतीला आहे तेवढं पुष्कळ आहे. दुपारी बसून ती काहीबाही टाइप करते. देवळाची पत्रकं, ओळखीच्यांच्या लग्नपत्रिका. बाईमाणसाचा वेळ जातो. हल्ली म्हणते, फाइल साठवताना अडकतं आणि आतून टिकटिक येते. मी म्हटलं, "घड्याळ टिकटिकतं तेव्हा ते बंद असतं का चालू?" ती काही बोलली नाही. उत्तरच नव्हतं तिच्याकडे.

आवकायचं, कैरीचं लोणचं पाठवलं आहे. मागची बरणी अजून परत आलेली नाही.

श्रीहरिराव


मल्काजगिरी, सिकंदराबाद
२५ जुलै २००८

ती. अन्नय्यगारू,

तुम्ही माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे नवरे, म्हणून साष्टांग नमस्कार. साडू निवडून घ्यायची सोय असती तर नुसता नमस्कारही वाचला असता.

तुमचं पत्र मी कामेश्वरीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती "बाईमाणसाचा वेळ जातो" इथे उठून आत गेली. तिचा तुमच्या बोलण्यावर जीव नाही, हे मी आधीही कळवलं होतं.

टिकटिकीचं मी पार्क लेनमधल्या माझ्या कम्प्युटरच्या दुकानदाराला विचारलं. तो हातातला चहा खाली ठेवून म्हणाला, "सर, ते घड्याळ नाही. डिस्कमधली सुई जागा शोधते, सापडत नाही, मागे येते, परत शोधते. घरात ऑक्सिजन लावलेला म्हातारा आहे असं समजा." अन्नय्यगारू, तुमच्या मालकाला घरघर लागली आहे आणि तुम्ही त्याची नाडी मोजून खूश आहात.

सात वाटांचं म्हणाल, तर तुमचे चाळीसजण एका रांगेत हात धरून निघतात आणि सगळे पोचेपर्यंत दारात थांबतात. आमचे सातजण पळतात. एवढं साधं आहे. खात्यात पळणारा माणूस तुम्ही कधी पाहिला नसेल, म्हणून समजायला जड जात असेल.

माझा कम्प्युटर मी बटण दाबून खुर्चीत टेकायच्या आत तयार असतो. तुमचा सुरू होईपर्यंत हैमवती वदिना भात लावून येतात, असं त्यांनीच कामेश्वरीला सांगितलं आहे.

तरी मी मनाने मोठा आहे. दसऱ्याला आम्ही दोघं येतो, तेव्हा नवी डिस्क घेऊन येईन. मात्र तुमच्या बोर्डावर नव्या तारेला खाचच नाही. म्हणजे बोर्ड बदला. बोर्ड बदलला की मेमरी बदला, मग विजेचा डबा बदला. जुन्यातलं शेवटी उरेल ते बाहेरचं झाकण आणि तुम्ही.

बरणी दसऱ्याला आणतो. आवकायमध्ये मोहरी कमी आहे.

दक्षिणामूर्ती


तेनाली
२० ऑगस्ट २००८

चि. दक्षिणामूर्तीस,

तुझा कम्प्युटर तू टेकायच्या आत तयार असतो. कशासाठी? पत्ते खेळायला. कामेश्वरीनेच सांगितलं. सकाळी एकट्याने पत्ते, दुपारी राशिभविष्य, संध्याकाळी पुन्हा पत्ते. एवढ्यासाठी सातजण पळतात होय? एक जरी रांगत गेला असता तरी चाललं असतं.

इकडची हकिकत. वरलक्ष्मी व्रताच्या आदल्या दिवशी मालक डिस्क बंद पडली. म्हणजे रुसली. मी एका मासिकात वाचलं होतं की अशी डिस्क गार केली की आतले भाग आकसतात आणि सुटतात. मी ती पिशवीत नीट बांधून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. पुढे थोडी जागा लागत होती म्हणून इडलीच्या पिठाचं भांडं बाहेर काढलं आणि परत ठेवायचं राहिलं. पीठ फसफसून ओट्यावरून खाली आलं. व्रताच्या दिवशी घरात सुवासिनी येणार, आणि हे! हैमवती माझ्याशी बोलेना. पिठासाठी माणूस एवढा अबोला धरतो हे मला नवीन होतं. मी म्हटलं, "पीठ परत वाटता येतं." ती म्हणाली, "हो. पीठ येतं."

डिस्क चालू झाली होती. पडद्यावर नाव आलं होतं. मी हैमवतीला हाक मारली, ती हात पुसत येईस्तोवर पुन्हा गेली. आत पाणी सुटलं असावं. यात उपायाचा दोष नाही, घाई झाली.

त्याच दिवशी प्रेसवाला पिच्चय्या दारात येऊन उभा. चप्पल न काढता विचारतो, "अम्मा, कोश गेला का?" कसला कोश, कोणाचा कोश, मला विचारायची पद्धत नाही. दोघं ओसरीवर हळू आवाजात बोलत राहिली. मी मधे जाऊन सांगितलं, "काळजी करू नका, मी बघतो आहे." पिच्चय्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मीच टिकटिक करत होतो.

पण मी हात टेकणारा नव्हे. विजयवाड्याच्या भंगार बाजारातून तंतोतंत तशीच जुनी डिस्क मिळवली. दुकानदार म्हणाला, "असल्या आता कोणी मागत नाही, साहेब." म्हणजे मोल कळणारा मीच शेवटचा.

कामेश्वरीचा गुडघा फार दुखतो आहे असं कळलं. हैमवती शुक्रवारी तिकडे येते आहे, तिला मदत म्हणून. गोंगुऱ्याचं लोणचं देतो आहे. तिची पिशवी यावेळी फार जड आहे, टॉवेलात गुंडाळून काय काय घेतलंय देव जाणे. स्टेशनवर वेळेवर जा. तुझा सातजणांचा वेग तिथे दाखव.

श्रीहरिराव


सिकंदराबाद
२ सप्टेंबर २००८

ती. अन्नय्यगारू,

वदिना सुखरूप पोचल्या. टॉवेलात गुंडाळलेली वस्तू म्हणजे तुमच्या डब्यातली दुसरी डिस्क. नोकर! मी विचारलं, "वदिना, हे कशाला उचलून आणलंत?" त्या म्हणाल्या, "चालतंय ते सोबत ठेवावं." बायका माहेरून परतताना पितळेचा डबा उचलतात, तशातली गत. मी काही बोललो नाही.

कामेश्वरीचा गुडघा उत्तम आहे. काल गच्चीवर दोनदा जाऊन आली. तुमच्याकडे कोणी काय सांगितलं कळत नाही.

वदिनांना मी माझा कम्प्युटर दाखवला. सुरू कसा करायचा, बंद कसा करायचा, सगळं सावकाश समजावलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग खुर्चीत बसल्या त्या जेवणाच्या वेळेपर्यंत उठल्याच नाहीत. कामेश्वरी शेजारी बसून कागदावरचं वाचून दाखवते, त्या टाइप करतात. झाडपाल्याची नावं असतात. पाहुण्या आहेत, मी चालवून घेतो. माझे पत्ते सध्या बंद आहेत.

मग एके दिवशी म्हणाल्या, पार्क लेनला जायचंय. मी घेऊन गेलो. बोलणी अर्थातच मी केली. वदिना मधूनमधून एखादा शब्द विचारायच्या. बोर्डावर नव्या खाचा किती, जुन्या पट्ट्यासाठी एखादी ठेवली आहे का, एका डिस्कवर काम आणि दुसरीवर त्याची नक्कल अशी सोय होईल का. कुठून ऐकून आल्या होत्या कोण जाणे. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "अम्मा, सर ठरवतील ना?" तर वदिना म्हणतात, "सर पत्ते खेळतात. मी ठरवते." दुकान हसलं. वदिनांचा स्वभाव इतका विनोदी आहे हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

पिठाशेजारी डिस्क ठेवण्याबद्दल मी दुकानदाराला सांगितलं. त्याने शेजारच्या दुकानदाराला बोलावून मला ते पुन्हा सांगायला लावलं. पार्क लेनमध्ये तुमचं नाव झालं आहे, अन्नय्यगारू.

वदिना आणखी काही दिवस राहतील असं दिसतं. नक्की किती, ते मला कोणी सांगत नाही.

दक्षिणामूर्ती


तेनाली
१४ सप्टेंबर २००८

दक्षिणामूर्ती,

माझ्या घरातून डिस्क गेली आणि मला ते तुझ्या पत्रातून कळावं? भंगारातली डिस्क बसवायला मी डबा उघडला तर पट्ट्याची दोन्ही तोंडं रिकामी लोंबत होती. क्षणभर चोरी झाली असं वाटलं. मग तुझं पत्र आठवलं. चोरीच की ती! आणि तू 'मी काही बोललो नाही' असं ऐटीत लिहितोस!

विजयवाड्याची डिस्क बसवली. टोपी मालकाच्या जागी लावली, नोकराच्या जागी लावून पाहिली, काढून पाहिली. डबा सुरू होत नाही. पडद्यावर एक पांढरी रेघ येते आणि माझ्याकडे बघत बसते.

तू माझ्या बायकोला पार्क लेनला नेलंस. ती गुडघ्यासाठी आली होती. गुडघा गच्चीवर जातो, पीठ फसफसतं, आणि तू लाल तारा दाखवून तिला नादी लावतोस. लाज वाटायला हवी. ताबडतोब तिला गाडीत बसवून दे. विनायक चविति एकट्याने केली मी. उंड्राळ्ळू मेसमधून मागवले. त्यांचे उकडलेले गोळे गणपतीने कसे पोटात घातले त्याचं त्याला माहीत.

आणखी एक. इथे रोज कोणी ना कोणी दारात येतं. "अम्मा आहेत का?" मी म्हणतो, "नाहीत, मी आहे." तर म्हणतात, "मग राहू दे." शाळेचे मास्तर येऊन गेले, नाटक कंपनीचा माणूस येऊन गेला. कोशवाले वैद्य स्वतः रिक्षा करून आले. ऐंशीच्या घरातला माणूस, ओसरीवर बसून घाम पुसत म्हणतो, "माझ्या आयुष्याचं काम त्या बाईच्या हाती आहे. ते गेलं नाही असं तिने सांगितलं, म्हणून मला झोप येते." मी विचारलं, "किती पानं आहेत?" त्याने सांगितलं आणि मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. वर मलाच विचारतो, "तुम्ही याच घरात राहता ना?"

मी बोस रोडला पिच्चय्याच्या प्रेसवर गेलो, जाब विचारायला. दुपारी एवढी पानं टाइप होतात आणि घरधन्याला पत्ता नाही? त्याने मला स्टूल दिलं. म्हणाला, "सर, तुम्ही दुपारी झोपता." यात उद्धटपणा काय आहे ते मला अजून नीट सापडलेलं नाही, पण आहे.

तिला पाठव.

श्रीहरिराव


सिकंदराबाद
२७ सप्टेंबर २००८

ती. अन्नय्यगारू,

पाठव म्हणता, पण मला आता या घरात विचारतो कोण?

झालं ते सांगतो. वदिनांनी बोर्ड घेतला, दोन डिस्क घेतल्या, नवा डबा घेतला. सामान माझ्या दिवाणखान्यात मांडलं. मी म्हटलं, तुम्ही बसा, हे पुरुषांचं काम. इन्शुरन्स कंपनीत असताना मी साधा पंखाही उघडला नाही, हे मान्य आहे, पण तार लावायची म्हणजे ती काय विद्या आहे? मी लावली. उलटी लागली होती. मग ओढली. जरा तिरकी ओढली गेली. डिस्कच्या तोंडातली काळी पातळ जीभ मोडून तारेतच राहिली. नवी कोरी डिस्क, एकदाही न फिरलेली.

मी म्हणालो, "कंपनीचा माल कच्चा आहे." वदिनांनी तारेतला तुकडा काढला, तळहातावर घेतला आणि पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मूर्तीगारू, माझ्या घरी एक आहेत आणि इथे तुम्ही एक आहात. मला वाटलं होतं इथला निदान दुरून बोलतो." मग म्हणाल्या, "तुमच्या डब्यातली काढा."

"माझी?"

"पत्ते हातानेही खेळता येतात."

कामेश्वरीने स्क्रूड्रायव्हर आणून दिला. माझ्याच बायकोने! माझी डिस्क गेली. आतला माझा सगळा ऐवज पुसला. पुढे नव्या डब्यावर सुरुवात केली तर तो म्हणे डिस्कच नाही. मला मनातून बरं वाटलं. मी म्हणालो, "बघा, आता माणूस बोलवावा लागेल." वदिना बोर्डाबरोबर आलेली पुस्तिका घेऊन गॅलरीत बसल्या, वाचली, आत येऊन पडद्यावर कसलीशी एक ओळ बदलली आणि डिस्क दिसायला लागली. मग तुमची नोकर डिस्क त्या एकुलत्या जुन्या खाचेला पट्ट्याने जोडली, त्यातलं सगळं नव्यात उतरवून घेतलं आणि पट्टा काढून टाकला. तो आता कामेश्वरीने गॅलरीतल्या तोंडल्याच्या वेलाला बांधला आहे. म्हणते, चपटा आहे, कोवळ्या देठाला कापत नाही.

आता दोघी दिवसभर तिथे बसतात. कामेश्वरी टाइप करायला शिकते आहे. काल मी कॉफी मागितली तर म्हणाली, "डिकॉक्शन खाली आहे." खाली म्हणजे कुठे, हे मला या वयात शोधावं लागलं.

अन्नय्यगारू, मांडवातल्या दिव्यांचं मी बोललो ते जाऊ द्या. आपण दोघांनी आता एकमेकांचं तोंड बघून राहायला हवं, कारण दुसरं कोणी आपलं बघत नाही. तुम्ही नवरेपणाचा हक्क वापरून वदिनांना कडक पत्र लिहा. माझा कोपरा मला परत मिळेल.

दक्षिणामूर्ती


सिकंदराबाद
१ ऑक्टोबर २००८

अहो,

कडक पत्र लिहायच्या आधी हे वाचा. तेवढाच तुमचा कागद वाचेल.

तुमची आणि मूर्तीगारूंची पत्रं आम्ही दोघींनी पहिल्यापासून वाचली. तुमची मूर्तीगारू मोठ्याने वाचायचे, कामू मला फोनवर सांगायची. त्यांची तुम्ही उशीखाली ठेवत होता. अंथरूण मीच झटकते, आणि इथली पेटीत टाकायला कामूच नेते. तारांवर तुम्ही एवढं लिहिलंत, पण त्या डब्यावर कोण काय करतं ते एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

पाहुणे आले की तो तुमचा असायचा. काम आलं की माझा. बिघडला की पुन्हा तुमचा. नवी डिस्क, नवा बोर्ड घेऊ या, हे मी तुम्हाला दोन वर्षांपूर्वी म्हटलं होतं. तुम्ही ताट सारलंत आणि म्हणालात, "तुला मालक आणि नोकर यातला फरक तरी कळतो का?" गेल्या उगादीपासून ती टिकटिकत होती. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही घड्याळाची गोष्ट सांगितलीत. मी उत्तर दिलं नाही, कारण घड्याळाशी काय बोलणार? त्या दिवसापासून मी दर शनिवारी सगळी पानं सीडीवर उतरवून पिच्चय्यांकडे ठेवत होते. म्हणून कोश वाचला. शेवटच्या भागाची थोडी पानं गेली होती, ती इथे कामूने वाचली आणि मी पुन्हा केली. तुमच्या फ्रिजमुळे जे उरलं होतं त्याचीही आशा गेली. ते असो. पिच्चय्यांना मात्र तुम्ही माझ्यादेखत "मी बघतो आहे" म्हणालात. काय बघत होतात?

इकडे यायचं कारणही सांगते. तेनालीत कुठल्याही दुकानात गेले की विचारतात, "सर घरी आहेत का?" मग सर येतात आणि चाळीस तारांवर भाषण होतं. इथे एकच सर होते, त्यांना गप्प करणं सोपं गेलं.

जुन्या यंत्रावर माझा राग नाही. चांगलं चाललं होतं, दिवस भरले, संपलं. माणसाला तेवढं कळलं म्हणजे झालं. दिवाणखान्यातला डबा काढा. मी येईन तेव्हा तो तिथे नको.

मी दसऱ्याच्या आधी येते. मी घरी येईन, पण हा कम्प्युटर घरी येणार नाही. पिच्चय्यांनी प्रेसची माडीवरची खोली दिली आहे. सकाळी जाईन, दिवे लागल्यावर परत येईन. दुपारचा भात तुम्ही लावायचा. कुकरच्या शिट्ट्या तुम्हाला ऐकू येतात, माझ्यापेक्षा जास्त. जेवणाचा क्यारेज प्रेसवर पोचवायचा, आणि जिन्याखालीच ठेवायचा. वर येऊन कम्प्युटरचं झाकण उघडायचं नाही.

हे मंजूर नसेल तर कळवा. कामू म्हणते, तिच्याकडे जागा आहे.

हैमवती


तेनाली
१९ नोव्हेंबर २००८

चि. दक्षिणामूर्तीस आशीर्वाद.

दसऱ्याला तू आला नाहीस ते चांगलं केलंस. कामेश्वरी एकटी आली आणि दोघी बहिणींनी मिळून माझ्या घरात माझ्याबद्दल जे काय हसायचं ते हसून घेतलं.

हैमवती आली ती गाडी सकाळची होती. मी स्टेशनवर गेलो होतो. तिने माझ्याकडे पिशवी दिली आणि डबा हमालाकडे. माझ्या हातात डबा दिला नाही. हमालाची हातगाडी आपल्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा मी सवयीने वळलो. गाडी सरळ बोस रोडकडे गेली, ती गाडीच्या मागून गेली, आणि मी गल्लीत पिशवी घेऊन उभा. शेजारच्या सुब्बम्माने खिडकीतून विचारलं, "काय, वाट चुकलात?"

जुना डबा मी काढला. भंगारवाल्याला हात लावू दिला नाही, स्क्रू स्वतः काढले. त्याने आत डोकावून विचारलं, "यात काही चालतं का?" मी म्हटलं, "सगळं चालतं, जोडायला माणूस लागतो." त्याने सगळं गोणीत टाकलं. तुला सांगतो, माझं तोंड बघून त्याने गोणी आपटली नाही, हळूच ठेवली. तेवढ्यापुरता तो तुझ्यापेक्षा सभ्य निघाला.

आता भात. पहिल्या दिवशी खाली लागला, दुसऱ्या दिवशी कच्चा राहिला. पप्पु, म्हणजे वरण, मला येतं. दोसकाय काकडीची आमटी येते. क्यारेज नेतो, जिन्याखाली ठेवतो. पिच्चय्याच्या प्रेसचा चहा म्हणजे गरम पाण्याला कोणीतरी चहाची गोष्ट सांगितलेली असते. तो मी पितो, कारण तिथे थांबायला दुसरं निमित्त नाही.

एकदा वर गेलो. जिना अरुंद आहे, बांधणाऱ्याला अक्कल नव्हती. ती पडद्याकडे तोंड करून बसली होती, चष्मा नाकाच्या टोकावर. यंत्राचा आवाज येत नव्हता. मी विचारलं, "चालू आहे का?" ती वळून न बघता म्हणाली, "उजेडात उभे आहात." मी बाजूला झालो. आमचं लग्न झालं तेव्हापासून तिला इतका वेळ पाठमोरी मी कधी पाहिलं नव्हतं. घरात ती सारखी कुठून तरी कुठे तरी जात असते. इथे ती बसली होती. एकदा मान मोडली, पुन्हा हात चालायला लागले. मी खाली आलो.

खाली पिच्चय्याच्या टेबलावर कोशाचे कच्चे छापील कागद पडले होते. सहज एक उचलला. पहिल्याच ओळीत चूक! ऱ्हस्व हवं तिथे दीर्घ. मी पिच्चय्याला म्हटलं, "ही काय भाषा आहे का सांडपाणी? कोण तपासतं हे?" तो म्हणाला, "तपासणारा गेला, दुसरा मिळत नाही." मी त्याच्याकडची लाल शाई मागून घेतली. खात्यात कितीतरी वर्षं मी वरिष्ठांच्या अहवालातल्या चुका मनातल्या मनात काढल्या, आता कागदावर काढतो आहे. तो गठ्ठा वर गेला. संध्याकाळी घरी येताना हैमवती गल्लीच्या वळणाशी थांबली. मग म्हणाली, "उद्यापासून जरा लवकर या. तुमची लाल शाई बरी आहे." पंचवीस पानांत एकशे चार चुका काढल्या होत्या मी. एकशे चार! आणि ही म्हणते बरी आहे.

तेव्हापासून रोज जातो. वर माझ्यासाठी खुर्ची टाकली आहे, खिडकीपाशी, तिच्या टेबलापासून लांब. टेबलाला हात लावायची मला बंदी आहे. वैद्य येतात, एखाद्या मुळीच्या नावावरून माझ्याशी भांडतात. ऐंशीचे झाले तरी त्यांना ऱ्हस्व आणि दीर्घ यांची जाण नाही. मी सोडत नाही.

परवा कोशाचं अगदी पहिलं पान आलं, नावाचं. वर कोशाचं नाव, खाली वैद्यांचं, मग प्रेसचं. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत: 'अक्षरजुळणी आणि मांडणी, हैमवती.' एवढंच. आपल्याकडे नावाआधी घराण्याचं नाव येतं हे लहान पोरालाही माहीत आहे. आमचं गुडिपूडि कुठे गेलं? मी लाल शाईने खूण केली आणि समासात नीट अक्षरात लिहिलं, 'घराण्याचं नाव राहिलं आहे.' कागद तिच्या टेबलाच्या कडेला ठेवला. कडेला ठेवायची परवानगी आहे.

तिने वाचला. तिची पेन्सिल मी ऐकली. कागद परत माझ्याकडे आला. माझ्या अक्षराखाली तिचं अक्षर:

'राहिलेलं नाही. पुढचं पान तपासा.'

मी त्या ओळीत चूक शोधली, सापडली नाही. मग त्यावर 'बरोबर' असं लिहून सही केली आणि छापायला खाली पाठवला.

श्रीहरिराव